ओळीच्या घरांतील कला

चित्रशाळा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें एक उंच दगडी इमारत उभी राहते. आंत शांतता, भिंतींवर सोनेरी चौकटी, दाराशीं पहारेकरी, आणि हलक्या पावलांनीं हिंडणारे चार रसिक. त्या इमारतीच्या मागील गल्लींत कोण राहतें, त्यांच्या चुली कशा पेटतात, याची विचारपूस चित्रशाळेनें करावी अशी अपेक्षा सहसा कोणी करीत नाहीं. अमेरिकेंतील टेक्सस राज्यांत ह्यूस्टन शहरीं मात्र एक कलासंस्था अशी आहे कीं, जिनें ही विचारपूस हेंच आपलें मुख्य काम मानलें. तिचें नांव 'प्रॉजेक्ट रो हाउसेस', म्हणजे ओळीच्या घरांचा उपक्रम. ती नफ्यासाठीं चालत नाहीं. देणग्या आणि अनुदानें यांवर तिचा संसार चालतो.

ही संस्था ज्या वस्तींत आहे तिला 'थर्ड वॉर्ड' म्हणतात. टेक्ससमधील गुलामांस त्यांच्या मुक्ततेची वार्ता १९ जून १८६५ रोजीं मिळाली. तो दिवस साजरा करण्यास हक्काची जागा असावी म्हणून ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय लोकांनीं १८७२ मध्यें आपसांत वर्गणी जमवून दहा एकर जमीन विकत घेतली. तें उद्यान आजही याच वस्तींत आहे. कायद्यानें लादलेल्या वर्णभेदाच्या काळांत येथें दुकानें, देवालयें, नृत्यगृहें यांची मोठी चहलपहल असे. पुढें ते निर्बंध उठल्यावर सुखवस्तु कुटुंबें इतरत्र राहावयास गेलीं, मागें राहिलेल्यांचें दारिद्र्य वाढलें, आणि घरें ओस पडूं लागलीं.

रिक लो नांवाचे एक तरुण चित्रकार त्या वेळीं ह्यूस्टनमध्यें काम करीत होते. गरिबांवरील अन्याय दाखविणारीं मोठमोठीं चित्रें ते रंगवीत. १९९० च्या सुमारास शाळेंतील कांहीं मुलें त्यांची चित्रें पाहावयास आलीं. त्यांतील एका विद्यार्थ्यानें सरळच विचारलें कीं, हीं दुःखें तर आम्ही रोज भोगतों, तीं आम्हांस पुन्हां दाखवून काय उपयोग? तुम्हांस नवें कांहीं निर्माण करतां येतें, तर यावर उपाय कां निर्माण करीत नाहीं? प्रश्न बोचणारा खरा, परंतु लो यांनीं तो मनावर घेतला.

उत्तराचा मार्ग त्यांस जॉन बिगर्स (१९२४-२००१) या वडीलधाऱ्या चित्रकारांच्या कामांत सांपडला. बिगर्स १९४९ मध्यें याच वस्तींतील विद्यापीठांत कलाविभाग उभारण्यास आले होते, आणि येथील लहान लाकडी घरें त्यांनीं आपल्या चित्रांत मोठ्या सन्मानानें आणलीं होतीं. या घरांस 'शॉटगन' घरें म्हणतात. पुढें ओसरी, आणि तिच्यामागें एकापाठीमागें एक अशा खोल्या. पुढच्या दारांतून झाडलेली बंदुकीची गोळी मागच्या दारांतून निघून जाईल इतकी सरळ रचना. ही धाटणी पश्चिम आफ्रिकेंतून हैतीमार्गें अमेरिकेंत आली असें अभ्यासक सांगतात. ज्यांस लोक दारिद्र्याची खूण समजत, त्यांत बिगर्स यांनीं शेजाऱ्यांस एकत्र बांधणारी संस्कृति पाहिली.

१९९३ मध्यें लो आणि त्यांचे सहा कलावंत मित्र यांनीं अशीं बावीस घरें हातीं घेतलीं. १९३० नंतरच्या दशकांत बांधलेलीं हीं घरें मोडकळीस आलीं होतीं व तीं पाडण्याचें घाटत होतें. कलावंत, शेजारी, देवालयांतील मंडळी व शहरांतील इतर संस्था यांनीं कचरा उपसला, फळ्या बदलल्या, भिंती रंगविल्या. कांहीं घरें कलावंतांस ठरावीक मुदतीसाठीं देण्यांत येऊं लागलीं. कलावंत संपूर्ण घराचीच कलाकृति करतो. मुदत संपली कीं दुसरा येतो. तिकीट नाहीं, पहारा नाहीं. दुकानांतून परतणारी म्हातारी पिशवी ओसरीवर ठेवून आंत डोकावूं शकते.

परंतु विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें खरें उत्तर मागल्या ओळींतील सात घरांत मिळतें. तीं घरें १९९६ पासून शिक्षण घेणाऱ्या एकाकी तरुण मातांसाठीं राखण्यांत आलीं. अल्प भाड्यांत राहावयाचें, अभ्यास पुरा करावयाचा, मुलें एकमेकींच्या नजरेखालीं वाढवावयाचीं, आणि अडचणींत वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्यावयाचा. एकत्र कुटुंबांत जो आधार न मागतां मिळतो, तो या मुलींस शेजाऱ्यांनीं मिळवून दिला. त्यांतील एक माता पुढें समाजशास्त्राची पीएच. डी. झाली, आणि याच वस्तीच्या कामास परत आली.

हें सर्व चांगलेंच. पण याला कला कां म्हणावें, धर्मादाय कां नव्हे, असा आक्षेप निघतो. जर्मन कलावंत योसेफ बॉइस (१९२१-१९८६) यांनीं 'सामाजिक शिल्प' ही कल्पना मांडली होती. मूर्तिकार मातीला आकार देतो, तसा समाजाच्या जीवनालाही आकार देतां येतो, असा तिचा आशय. लो यांनीं हीच दृष्टि स्वीकारली. २०१४ मध्यें त्यांस मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, ती याच कार्याबद्दल. मात्र आक्षेपाचें उत्तर पुरस्कारांत शोधण्याचें कारण नाहीं. धर्मादायांत देणारा व घेणारा वेगळे राहतात. येथें शेजारी हा स्वतःच घडविणारा आहे, हा फरक महत्त्वाचा आहे.

यशाबरोबर एक संकटही आलें. वस्ती शहराच्या मध्याजवळ असल्यानें व आतां नांवारूपास आल्यानें धनिकांची नजर तिजवर गेली. जमिनीचे भाव आणि कर वाढले, व जुन्या रहिवाशांस घर सोडण्याची पाळी येऊं लागली. कलेनें सुशोभित केलेली वस्ती तेथील लोकांच्याच हातून जावी, याहून मोठी विटंबना कोणती? म्हणून २००३ मध्यें परवडणाऱ्या भाड्याचीं घरें बांधण्यासाठीं एक वेगळी भगिनीसंस्था काढण्यांत आली. राइस विद्यापीठाच्या वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांनीं जुन्या धाटणीशीं जुळतील असे नव्या घरांचे आराखडे केले. १९३९ मधील प्रसिद्ध 'एल्डोरॅडो' नृत्यगृह १९९९ मध्यें संस्थेस दान मिळालें होतें. जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्यें तेथें पुन्हां संगीत सुरू झालें. आज संस्थेच्या ताब्यांत पांच चौकांतील एकोणचाळीस इमारती आहेत. भावांची चढती लाट एवढ्यानें थांबेल असें नाहीं. तथापि जेवढी जमीन संस्थेच्या हातीं आहे, तेवढी तरी शेजाऱ्यांच्या हातून गेलेली नाहीं.

आपल्याकडेही वाचनालयें, गायनसमाज, चित्रप्रदर्शनें यांस घरोघरचीं माणसें वर्गणी देतात, व तें योग्यच आहे. वर्गणी देतांना त्या संस्थेच्या भिंतीलगत राहणारे लोक तिच्या दारांतून आंत येतात काय, एवढें विचारण्याचा हक्क प्रत्येक वर्गणीदारास आहे. ह्यूस्टनच्या त्या विद्यार्थ्यानें याहून फारसें निराळें कांहीं विचारलें नव्हतें.