फ्रेस्नोचं पत्र: विमा कंपनीच्या कॅमेऱ्याला कुंपण

फ्रेस्नो, कॅलिफोर्निया

सटाण्याच्या माणसाला इथलं शिवार परकं वाटणार नाही. द्राक्षं आहेत, डाळिंबं आहेत आणि दिवसभर वाकून राबणारे मजूर आहेत, त्यातले बरेचसे मेक्सिकोतून आलेले.

अशा मजुराची काम करताना कंबर धरली तर चूक कोणाची, हा प्रश्न इथं भरपाईच्या आड येत नाही. मालकाला विमा काढावाच लागतो. उपचाराचा खर्च आणि काम बंद असताना साधारण दोन तृतीयांश मजुरी विमा कंपनी देते. त्याबदल्यात मजुराला सहसा मालकाला कोर्टात खेचता येत नाही. देशात राहण्याचे कागद नसले तरी भरपाईचा हक्क राहतो. अर्ज मिळाल्यावर कंपनीने ९० दिवसांत नकार कळवला नाही, तर दुखापत कामावरचीच असं कायदा धरून चालतो.

दाव्याचा संशय आला की कंपनी मजुराच्या मागावर खासगी डिटेक्टिव्ह लावते. तो रस्त्याकडेला गाडी लावून बसतो आणि मजूर पोतं उचलतो का, टायर बदलतो का, याचं चित्रीकरण करतो. रस्त्यावरून कोणालाही दिसेल ते टिपायला कायद्याची मुभा आहे. खोटे दावे होतात, ते पकडलेही पाहिजेत. इथं त्यासाठी तुरुंगवास आहे. पण डिटेक्टिव्हला परवाना लागतो. पोलिस असल्याची बतावणी त्याला करता येत नाही. खासगी बोलणं चोरून रेकॉर्ड करणं आणि संमतीशिवाय कोणाच्या गाडीला ट्रॅकर चिकटवणं हे गुन्हे आहेत.

यापेक्षा मोठी मर्यादा न्यायालयाने घातली. एका जखमी कामगाराशी कंपनीच्या माणसांनी ओळख वाढवली, त्याला दारू पाजली, घोड्यावर बसायला लावलं आणि ते चित्रित केलं. १९७१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, फसवणुकीने मिळवलेला असा पुरावा चालणार नाही. पुढच्याच वर्षीचं प्रकरण वाचताना मला संताप आवरला नाही. पाठीला दुखापत झालेल्या बाईशी डिटेक्टिव्हने जवळीक साधली, तिचं मन गुंतवलं, तिला डिस्नेलँडला नेलं आणि दोरांच्या पुलावर चढवून पूल जोरात हलवला. दुसरा माणूस ते टिपत होता. सुनावणीत ती फिल्म पाहून आणि फसवणूक कळून बाई कोसळली, तिला इस्पितळात ठेवावं लागलं. विमा कंपनीला एरवी असलेलं कायद्याचं कवच अशा कृत्याला मिळणार नाही, कंपनीवर दावा लावता येईल, असा निर्णय न्यायालयाने दिला. मजूर जे करतो ते बघा. त्याच्याकडून करवून घेऊ नका, हा त्याचा अर्थ.

आपल्याकडे कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ साली झाला. ट्रॅक्टरने शेती करताना जखमी झालेला मजूरही त्यात धरला होता. खासगी डिटेक्टिव्हना वेसण घालणारं विधेयक मात्र २००७ साली राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झालाच नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. पण बांधावर जबाब घ्यायला आलेल्या माणसाने काय करू नये, हे मजुराला सांगणारी नेमकी कलमं कुठं आहेत?

तशी कलमं येईपर्यंत सटाणा-बागलाणात कोणाच्या दारी विमा कंपनीचा माणूस आला तर त्याचं ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र आधी बघा. जबाब मराठीत वाचून घ्या, प्रत मागा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.