नळाला पाणी आल्याचा आनंद

छत्रपती संभाजीनगरला पाणी पैठणच्या जायकवाडीतून येते आणि अनेक वस्त्यांत ते काही दिवसांच्या खंडानेच मिळते, म्हणून इथे भरलेली टाकीसुद्धा सुख ठरते. रोजच्या सुखाला मात्र मन सरावते आणि मग ते दिसेनासे होते. नोंद ठेवली की ते पुन्हा दिसते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांच्या २००३च्या अभ्यासात दर आठवड्याला कृतज्ञतेच्या गोष्टी लिहिणारे विद्यार्थी, कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा, आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळले. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम माफकच दिसला, तरी त्यासाठी खर्च फक्त वहीचा! अशा नोंदींमुळे माणूस महापालिकेला जाब विचारणे सोडेल, हा आक्षेप मला पटत नाही. पाण्याचे मोल जाणणाराच त्यासाठी नेटाने भांडतो. तेव्हा वहीत नोंद जरूर करा, आणि पाणी चुकले तर तक्रारही.