एका वाड्याच्या खोल्या

बचत गटाच्या ताईंनी नव्या संगणकावर हिशेब लिहिला. बारा बायकांचे हप्ते त्यात होते. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काय, हिशेब सापडेना!

जुन्या संगणकावर विंडोज होते. तिथे सी, डी असे वेगळे कप्पे असत. ताई हिशेब डी मध्ये ठेवीत. इथे तर डी नाहीच. ताईंच्या पोटात गोळा उठला. बायकांना काय सांगायचे?

तेवढ्यात शाळेचे गुरुजी आले. ते म्हणाले, "ताई, घाबरू नका. हा संगणक लिनक्सवर चालतो. याचं घर निराळं. आधी घर पाहून घेऊ."

लिनक्स म्हणजे काय? विंडोजप्रमाणेच संगणक चालवणारी ती एक व्यवस्था आहे. फिनलंड देशातील लिनस टोरवाल्डस या विद्यार्थ्याने 1991 साली तिची सुरुवात केली. तिची रचना युनिक्स या जुन्या व्यवस्थेसारखी आहे. युनिक्स 1969 साली अमेरिकेत सुरू झाली. त्या काळी एकाच मोठ्या संगणकावर पुष्कळ माणसे काम करीत. म्हणून प्रत्येकाला आपली खोली लागे.

लिनक्स म्हणजे जणू एक मोठा वाडा. त्याला दरवाजा एकच. त्याचे नाव रूट, म्हणजे मूळ. त्याची खूण एक तिरकी रेघ: /. सगळ्या खोल्या या दरवाजाच्या आत. खोल्यांची नावे पडद्यावर इंग्रजी अक्षरांत दिसतात. त्यांतल्या काही पाहू.

होम: इथे प्रत्येकाची आपली खोली असते. आपले कागद इथेच ठेवावेत.

बिन: इथे कामाची हत्यारे, म्हणजे आज्ञा असतात.

ईटीसी: इथे वाड्याचे नियम लिहून ठेवलेले असतात. मालकाच्या परवलीच्या शब्दाशिवाय ते बदलता येत नाहीत. उगाच हात लावू नये.

व्हार: इथे रोज वाढणाऱ्या नोंदी असतात.

टीएमपी: ही पडवी. इथे घडीभराचे सामान. संगणक बंद करून पुन्हा लावला, की पुष्कळदा पडवी झाडली जाते. कामाचा कागद इथे कधी ठेवू नये.

मीडिया: पेन ड्राइव्ह लावला, की बहुधा तो इथे दिसतो. पाहुणा आला, तरी वाड्यातच उतरतो!

ताईंनी होम उघडले. आत त्यांच्या नावाची खोली होती. खोलीत 'डॉक्युमेंट्स' नावाचा कप्पा होता. त्यात हिशेब जसाच्या तसा होता. बाराही नावे होती. ताईंचा जीव भांड्यात पडला.

गुरुजी म्हणाले, "पडवीत ठेवला असता, तर मात्र गेला असता हो!"

ताईंनी त्याच दिवशी हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली.

नव्या घरात आधी खोल्या पाहाव्यात. मग सामान लावावे.