अंगावरून किती गेलं?

बाळ जन्मलं की पहिल्या काही मिनिटांत ते काट्यावर जातं. दोन किलो आठशे, तीन किलो शंभर. हा आकडा केसपेपरवर लिहिला जातो, दाराबाहेर ताटकळलेल्या आजीपर्यंत पोचतो आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या सोयऱ्यांना पाठ होतो. त्याच खोलीत, त्याच मिनिटांत बाळंतिणीच्या अंगावरून जे रक्त जातं, त्याच्या वाट्याला काटा येत नाही. ते थोडं पॅडवर, थोडं गॉजच्या घड्यांत, थोडं चादरीत, थोडं खालच्या बादलीत आणि उरलेलं फरशीवर असं वाटलं जातं. किती गेलं, असं कुणी विचारलं तर सिस्टर या सगळ्यावरून नजर फिरवते आणि सांगते, ‘नेहमीएवढंच.’ त्यात लबाडी काही नाही. शेकडो बाळंतपणं पाहिलेल्या डोळ्यांचा तो निवाडा असतो. अडचण एवढीच, की हा निवाडा चुकतो आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला चुकतो. ही चूक केवढी, याचा एक आकडा बेळगावात निघाला. सीमाप्रश्नाच्या बातम्यांमुळे ते शहर मराठी वाचकाला घरचं वाटतं. पण बाळंतपणाच्या शास्त्रात जगाने त्याचं नाव घ्यावं असं काही तिथे घडलं, हे त्याच्या कानावर क्वचितच आलेलं असतं.

काम सुरू झालं होतं एका गोळीसाठी. बाळंतपणानंतर गर्भाशय आकसलं नाही तर रक्त थांबत नाही. ते आकसवणारं नेहमीचं औषध ऑक्सिटोसिन. पण त्याला सुई लागते आणि थंडावा लागतो. वीज गेलेल्या उपकेंद्रात किंवा कौलारू घरात दोन्हींचा भरवसा नसतो. मिसोप्रोस्टॉलच्या गोळीला यातलं काहीच लागत नाही. ती खरोखर रक्तस्राव रोखते का, हे बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि अमेरिकेतले त्यांचे सहकारी बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत तपासणार होते. गोळीने रक्त कमी गेलं असं म्हणायचं तर आधी रक्त मोजायला हवं. आणि ते मोजायचं कशाने, इथेच गाडी अडली. त्यातून जी वस्तू तयार झाली ती पाहायला अगदी साधी. प्लॅस्टिकची पारदर्शक चादर, तिच्या खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. बाळ बाहेर आलं, गर्भजल वाहून गेलं, नाळ कापली, की ही चादर बाईच्या कमरेखाली सरकवायची आणि तिचे बंद पोटाशी बांधायचे. पाणी आणि रक्त मिसळू नये म्हणून ती आधी घालायची नाही. पुढचा तासभर जे जाईल ते नरसाळ्यात उतरतं आणि डोळ्यांसमोर एकेक खूण चढत जातं. ही चादर आणि नुसती नजर यांची तुलना करणारा बेळगावचा अभ्यास २००६ साली छापून आला. नजरेचा अंदाज चादरीतल्या मापापेक्षा सरासरी ३३ टक्क्यांनी कमी भरला होता.

त्याच वर्षी ‘द लॅन्सेट’मध्ये गोळीच्या चाचणीचा निकाल आला. १,६२० बाळंतिणी, निम्म्यांना गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. औषध नसलेल्या गटात शंभरातल्या १२ जणींना अतिरक्तस्राव झाला, औषध मिळालेल्या गटात ६.४ जणींना. दर १८ जणींना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळतो, असा हिशेब निघाला. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. मला मात्र त्या निबंधाच्या सारांशातलं एक वाक्य सोडत नाही. बाळंतपणं केली, गोळी दिली आणि रक्त मोजलं ते २५ एएनएमनी, असं ते वाक्य सांगतं. एएनएम म्हणजे आरोग्यव्यवस्थेच्या शिडीची जवळजवळ शेवटची पायरी. लसीकरण, कुटुंबनियोजन, गावफेरी आणि न संपणारी रजिस्टरं यांत तिचा दिवस जातो. शास्त्रीय पुरावा तिच्या हातून निर्माण होईल, अशी अपेक्षा तिच्याकडून कुणी ठेवलेली नसते. इथे तर औषध तिने दिलं, आपण खरी गोळी देतोय की खोटी हे माहीत नसताना दिलं, आणि जगाने मान्य केलेला आकडा तिने नरसाळ्यावरच्या खुणांवरून वाचला. चादरीला आपण उपकरण म्हणतो. मला तर त्या चाचणीचं खरं उपकरण त्या २५ जणी वाटतात.

तेहेतीस टक्के ऐकताना फारसं वाटत नाही. म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहावा. ५०० मिलिलिटरच्या वर रक्त गेलं की तो अतिरक्तस्राव, ही जुनी व्याख्या. नजर जर एक तृतीयांश कमी पाहत असेल, तर तिला ५०० दिसेपर्यंत प्रत्यक्षात साडेसातशे गेलेलं असतं. मधल्या अडीचशेत गर्भाशय चोळायची, सलाईन लावायची, औषध द्यायची वेळ निघून जाते. शिवाय हे ३३ टक्के सरासरी आहेत. खोटं रक्त वापरून केलेल्या अमेरिकेतल्या प्रयोगांत असं दिसलं, की रक्त जितकं जास्त तितका अंदाज अधिक तोकडा. म्हणजे नजर नेमकी तिथे दगा देते जिथे तिची सर्वांत जास्त गरज असते. आणि यात हुद्दा, शिक्षण, नोकरीची वर्षं यांनी फरक पडला नाही. तिथे डॉक्टर आणि नर्स एकाच माळेचे मणी ठरले. शिकवून अंदाज सुधारतो, हेही खरं. पण अशा शिकवणीनंतर नऊ महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा ती सुधारणा ओसरली होती. आपल्याकडे तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार ५२.२ टक्के गर्भवतींच्या अंगात मुळात रक्त कमी. ज्या बाईच्या तिजोरीत आधीच खडखडाट, तिच्या खर्चाचा अंदाज एक तृतीयांशाने चुकणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. अनुभवाचा मान राखूनही म्हणावं लागतं, की या एका बाबतीत अनुभवाकडे मागावं असं काही नाही. मागायचं ते मापाकडे.

यावर एक सणसणीत आक्षेप आहे, आणि तोही संशोधनातूनच आलेला आहे. युरोपातल्या १३ देशांतल्या ७८ प्रसूती विभागांत रक्त गोळा करणारी खूणपिशवी वापरून पाहिली गेली. पंचवीस हजारांहून अधिक बाळंतपणं झाली. २०१० मध्ये निकाल आला, तेव्हा तीव्र रक्तस्रावाचं प्रमाण पिशवी वापरणाऱ्यांत १.७१ टक्के आणि न वापरणाऱ्यांत २.०६ टक्के होतं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक धरण्याजोगा नव्हता. मग प्लॅस्टिकचा हा खटाटोप कशाला? दुसरा धक्का शिकवणीवरच्या भरवशाला, आणि तो आपल्या जवळचा. उत्तर प्रदेशातल्या १२० आरोग्य केंद्रांत ‘बेटरबर्थ’ नावाची मोठी चाचणी झाली. दीड लाखांहून अधिक बाळंतपणं, हातात सुरक्षित प्रसूतीची तपासणी यादी आणि शेजारी उभं राहून शिकवणारा मार्गदर्शक. कामाची पद्धत सुधारली. दोन महिन्यांच्या शिकवणीनंतर तिथे अपेक्षित कृतींपैकी ७२.८ टक्के होत होत्या, शिकवणी नसलेल्या केंद्रांत ४१.७ टक्के. मात्र वर्षभराने पहिला आकडा ६१.७ वर घसरला, आणि मातांच्या व बाळांच्या मृत्यूंत, गंभीर गुंतागुंतीत फरक पडला नाही. या निकालांनी मोजमापाच्या भक्तांना आणि प्रशिक्षणाच्या भक्तांना एकाच वेळी जमिनीवर आणलं, आणि ते बरंच झालं.

पण या दोन अपयशांवरून मोजणं फुकट आणि शिकवणंही फुकट असं म्हणणं म्हणजे तापमापीने ताप उतरत नाही म्हणून ती फेकून देण्यासारखं आहे. पिशवी सांगते ती फक्त बातमी. बातमी मिळालेल्या बाईच्या हाताशी औषध हवं, ते वापरायची मुभा हवी आणि हाक मारली तर येणारं माणूस हवं. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ चाचणीने हे तुकडे एकत्र शिवले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतली ८० रुग्णालयं आणि २,१०,१३२ बाळंतपणं. चादर तीच, बेळगावच्या चादरीची भावंडं. तिच्यावर ३०० आणि ५०० च्या ठळक रेघा. पहिला तास दर पंधरा मिनिटांनी रक्त, नाडी, रक्तदाब आणि गर्भाशयाचा कडकपणा पाहून नोंद करायची. रेघ ओलांडली की थांबायचं नाही. पोट चोळणं, ऑक्सिटोसिन, रक्त गोठायला मदत करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, रक्त कुठून येतंय याची तपासणी आणि वरच्यांना हाक, हे सगळं एका दमात. पूर्वीची रीत एक उपाय करून त्याची वाट पाहायची, मग दुसऱ्याकडे वळायचं, अशी होती. शिकवणंही सभागृहात झालं नाही. ज्या खोलीत काम करायचं तिथेच, बरोबरच्या सहकाऱ्यांकडून, रक्तस्रावाचा प्रसंग उभा करून ते झालं. गंभीर परिणाम, म्हणजे लिटरभर किंवा त्याहून जास्त रक्त जाणं, रक्त थांबवायला पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावाने मृत्यू, नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णालयांत ४.३ टक्के होते, तर या पद्धतीच्या रुग्णालयांत १.६ टक्के.

याच चाचणीतला एक लहानसा आकडा मला मुख्य निकालापेक्षा जास्त बोलका वाटतो. नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या रुग्णालयांत अतिरक्तस्राव झालेल्यांपैकी फक्त ५१.१ टक्के बायकांचा रक्तस्राव वेळीच ओळखला गेला. नव्या पद्धतीत ९३.१ टक्के. ही खेड्यातली अंधारी घरं नव्हेत, ही रुग्णालयं आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं म्हणजे भागलं, असं धरून आपल्याकडे वीस वर्षं धोरण चाललं आहे. दवाखान्याच्या टेबलावरही अतिरक्तस्राव झालेल्या निम्म्या बायकांचं रक्त डोळ्यांदेखत आणि तरीही नकळत जातं, हे त्या समजुतीला पचणारं नाही. गोळी आणि इंजेक्शनं नर्सच्या हाती दिली तर गैरवापर होईल, अशी भीती घालणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे. गैरवापराला नोंदीने आळा घालता येतो. न ओळखलेल्या रक्तस्रावाची नोंदच नसते.

सुईणपणाची परंपरा मानणाऱ्यांचा आक्षेप वेगळा आणि अधिक हळवा आहे. आधीच बाळंतपणाचं यंत्र झालं, त्यात ही रेघांची पिशवी बांधली की सिस्टर बाईच्या चेहऱ्याकडे न बघता नरसाळ्याकडे बघेल, असं ते म्हणतात. मला नेमकं उलटं वाटतं. वार पडली, टाके घातले, की टेबलावरची बाई एकटी पडते. खोलीतलं सगळं लक्ष बाळाकडे किंवा पुढच्या कळांकडे वळतं. दर पंधरा मिनिटांची नोंद सिस्टरला त्या एकट्या पडलेल्या बाईकडे परत आणते, तिच्या पोटावर हात ठेवायला लावते. खरा प्रश्न आहे तो त्या सिस्टरला परत यायला सवड कुठली. एका सिस्टरकडे चार टेबलं असतील तर पंधरा मिनिटांच्या चार नोंदी रात्री एकदम भरल्या जातील, आणि ते खोटं बोलणं तिच्या माथी मारता येणार नाही. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांच्या २००२ सालच्या अभ्यासात, नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते असं दिसलं होतं. शस्त्रक्रियेचा वॉर्ड आणि प्रसूतीची खोली एक नाही. तरी बघणारी व्यक्ती कमी पडली की बघणं कमी पडतं, एवढं त्यातून घ्यायला हरकत नसावी. चादर विकत घेणं सोपं आहे, निविदा काढली की झालं. रिक्त पदं भरणं अवघड आहे, म्हणून पहिलं होईल आणि दुसरं राहील, अशी माझी शंका आहे.

नर्सिंगच्या विद्यार्थिनींना ठरावीक संख्येची बाळंतपणं करून ती वहीत नोंदवावी लागतात. त्या संख्येशेजारी आणखी दोन रकाने आखायला खर्च काहीच नाही: नजरेने किती वाटलं आणि मापात किती भरलं. वीस बाळंतपणांनंतर प्रत्येक मुलीला स्वतःची चूक स्वतःच्या अक्षरात दिसेल. बेळगावचे ३३ टक्के कुणाचे २० निघतील, कुणाचे ४५. केंद्र सरकारने २०१८ मध्ये नोंदणीकृत नर्ससाठी दीड वर्षाचा मिडवायफरीचा अभ्यासक्रम आखला, त्यातही हे सहज बसेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या अखेरीस रक्त नजरेने न जोखता मोजावं अशी शिफारस केलीच आहे. ती खोल्याखोल्यांत पोचेपर्यंत वाचकांकडे एक मागणं. घरात बाळंतपण झालं की दाराशी बाळाचं वजन विचाराल तेव्हा बाळंतिणीच्या अंगावरून किती गेलं तेही विचारा, आणि ‘नेहमीएवढंच’ असं उत्तर आलं तर आकडा मागा.