बोंडातील सरकी आणि प्रयोगशाळेतील नळी

मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीस्थानी कार्तिकी पौर्णिमेची यात्रा भरते त्याच सुमारास बीड जिल्ह्यात कापसाची वेचणी चालू असते आणि गारवा वाढू लागताच गुलाबी बोंडअळीही जोर धरते. अंड्यातून निघालेली अळी बोंडात शिरते आणि तिचे छिद्र लगेच बुजते. त्यामुळे बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या बोंडात सरकी पोखरली गेली आहे हे ते फुटून कवडी, म्हणजे किडका कापूस, हाती येईपर्यंत कळत नाही. बीटी वाणावर ही अळी जगतेच कशी, हा प्रश्न तर नुसत्या नजरेने सुटणाराच नाही. तो रेणवीय जीवशास्त्राच्या, म्हणजे सजीवांचा जनुकांच्या पातळीवर अभ्यास करणाऱ्या शास्त्राच्या प्रयोगशाळेत सोडवावा लागतो, आणि महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे आहे.

बीटी हे मातीतील एका जिवाणूचे संक्षिप्त नाव. त्याचे प्रथिन अळीच्या आतड्यातील विशिष्ट ग्राहींना, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील रेणूंना, चिकटून आतड्याला भोके पाडते. या प्रथिनाचे एक जनुक असलेल्या कपाशीला भारतात 2002 मध्ये आणि दोन वेगवेगळ्या प्रथिनांची दोन जनुके असलेल्या कपाशीला 2006 मध्ये परवानगी मिळाली. मात्र 2008 च्या हंगामात गुजरातमधील अमरेली जिल्ह्यातून गोळा केलेल्या अळ्या पहिल्या प्रथिनाला दाद देत नसल्याचे आढळले, आणि 2017 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांना दोन जनुकांचे वाणही अपुरे पडल्याचा अनुभव आला.

अशा प्रयोगशाळेतील दिनक्रम बराचसा कंटाळवाणा असतो, आणि त्याची विश्वासार्हता त्या कंटाळ्यातच आहे. हिरवी बोंडे चिरून काढलेल्या अळ्यांची पैदास कृत्रिम खाद्यावर केली जाते, त्यांच्या पिल्लांना प्रथिनाच्या चढत्या मात्रा मिसळलेले खाद्य दिले जाते, आणि साधारण तीन आठवड्यांनी किती मेल्या व किती नुसत्या खुरटल्या हे मोजले जाते. त्यानंतर वाचलेल्या अळीच्या ऊती चिरडून पेशी फोडल्या जातात. द्रावणात थंड अल्कोहोल ओतले की डीएनएचे पांढरे धागे साका धरतात. पीसीआर यंत्र नळी आळीपाळीने तापवून व निववून हव्या त्या जनुकाच्या तुकड्याच्या प्रती दर फेरीत दुप्पट करते, म्हणजे तीस फेऱ्यांत हिशेबाने एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होतात. समुद्री शेवाळापासून बनवलेल्या जेलमधून वीज सोडल्यावर लहान तुकडे पुढे धावतात, मोठे मागे रेंगाळतात आणि अतिनील प्रकाशात त्यांचे पट्टे उजळतात. नळीत चुकून दुसऱ्या नमुन्याचा कण पडला तर सारी मेहनत पाण्यात जाते, म्हणून प्रत्येक वेळी नमुना न घातलेली एक कोरी नळी सोबत चालवतात. तिच्यात पट्टा उमटला की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

सर्वांत उद्बोधक मात्र सरकीची तपासणी. भारतीय बीटी बियाणे संकरित असते आणि जनुक एकाच पालकाकडून आलेले असल्याने शेतातील झाडाजवळ त्याची एकच प्रत असते. त्याच झाडाच्या परागाने धरलेल्या बोंडात मेंडेलच्या नियमाप्रमाणे सरासरी सोळांपैकी नऊ दाण्यांत दोन्ही प्रथिने, तिनांत एक, तिनांत दुसरे आणि एकात कोणतेच नाही अशी वाटणी होते. म्हणजे एकाच बोंडात विषारी व बिनविषारी दाणे शेजारी असतात. यामुळेच भारतात प्रतिकार लवकर वाढला, असे केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांचे मत होते. ते पटण्याजोगे आहे. पण चीनमध्ये संकराच्या दुसऱ्या पिढीतील मिश्र झाडांमुळे प्रतिकार मंदावल्याचा निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील फरक असा की तेथे मिश्रण झाडाझाडांत होते, तर येथे एका बोंडात.

प्रतिकारक अळ्यांत कॅडहेरिन या ग्राहीच्या जनुकात बिघाड आढळले आहेत, तर दुसऱ्या प्रथिनाच्या प्रतिकाराशी एका वाहक प्रथिनाच्या जनुकातील बिघाडाचा संबंध जोडला गेला आहे. हे ज्ञान शेताच्या बांधावर पोचते ते मात्र साध्या रूपात: डोमकळ्या (अळी लागल्याने न उमललेली फुले) तोडा, कामगंध सापळे लावा, फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेले पीक) घेऊ नका. कारण हंगामाच्या अखेरीची अळी दोन सरक्या रेशमाने जोडून त्यांच्या पोकळीत सुप्तावस्थेत जाते आणि वेचलेल्या कापसासोबत गाडीतून थेट जिनिंगपर्यंत पोचते.