पक्षपाताच्या कारणावरून दिवाणी दावा वर्ग करणे

न्यायाधीश निःपक्षपाती राहणार नाहीत अशी सकारण भीती वाटल्यास, आपला दिवाणी दावा दुसऱ्या न्यायालयाकडे सोपवावा अशी मागणी पक्षकार करू शकतो. यास दावा वर्ग करणे म्हणतात. न्यायाधीश स्वतःहूनही सुनावणीतून बाजूला होऊ शकतात. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. ए. एस. बोपन्ना हे, आपण अनुक्रमे महाराष्ट्र व कर्नाटकातील असल्याने, कृष्णा पाणीतंट्याच्या सुनावणीतून दूर झाले.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २४ नुसार दावा वर्ग करण्याचा अधिकार जिल्हा न्यायालयास व उच्च न्यायालयास आहे. कणकवलीच्या दिवाणी न्यायालयात सामाईक जमिनीच्या वाटपाचा दावा चालू असल्यास अर्ज ओरोस येथील जिल्हा न्यायालयात करता येतो. आक्षेप जिल्हा न्यायाधीशांवरच असल्यास उच्च न्यायालयाकडे जावे लागते. सिंधुदुर्गातील पक्षकारांना त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आहे. दावा वर्ग झाल्यास साक्षीदारांनाही दुसऱ्या गावी हेलपाटे पडू शकतात, म्हणून पक्षकाराच्या अर्जावर विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकूनच आदेश होतो. नवे न्यायालय दावा पहिल्यापासून किंवा थांबला होता तेथून पुढे चालवते.

पक्षपाताची कसोटी माणकलाल विरुद्ध डॉ. प्रेमचंद (१९५७) या निकालात स्पष्ट झाली. तो साताऱ्यात जन्मलेले न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. प्रकरण दिवाणी दाव्याचे नव्हते, एका वकिलाच्या गैरवर्तणुकीच्या चौकशीचे होते. चौकशी समितीच्या अध्यक्षांनी पूर्वी तक्रारदाराचे वकीलपत्र घेतले होते. प्रत्यक्ष पक्षपात सिद्ध करणे आवश्यक नाही, पक्षकाराच्या मनात तशी वाजवी शंका येणे पुरेसे आहे, असे न्यायालयाने म्हटले. तरीही वकील हरला. समितीपुढे तो गप्प राहिला आणि निष्कर्ष विरुद्ध गेल्यावरच त्याने आक्षेप काढला.

न्यायाधीशांचे पक्षकाराशी जवळचे नाते किंवा दाव्यातील मालमत्तेत हितसंबंध ही सबळ कारणे होत. अंतरिम आदेश विरुद्ध गेला, एवढे कारण पुरत नाही. त्यासाठी अपिलाचा मार्ग आहे. लहान गावात न्यायाधीश व वकील बाजारात समोरासमोर येणारच, त्यावरून शंका घेणे टिकत नाही.

बेछूट आरोप अंगाशीही येतात. १९५० च्या दशकात नागपूर उच्च न्यायालयातील दोन न्यायाधीशांवर पक्षपाताचा आरोप करणाऱ्या अर्जावर दोन वकिलांनी सही केली होती. पुरेशा आधाराची खात्री न करता अशा अर्जावर सही करणारा वकीलही न्यायालयाच्या अवमानास जबाबदार ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मात्र त्या दोघांची बिनशर्त माफी स्वीकारली.