ओमाहातली डॉक्टरकी

‘डीपीटी’, म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी. पदवीनंतर साधारण तीन वर्षं, शवविच्छेदन, किमान ३० आठवडे पूर्णवेळ क्लिनिकल काम, मग परवाना परीक्षा. आणि बहुतेकांच्या डोक्यावर कर्ज. एवढं अमेरिकेला निघालेल्या प्रत्येक फिजिओथेरपिस्टला पाठ असतं. मला मात्र कित्येक वर्षं वेगळंच कुतूहल आहे. पीएच.डी.सारखा प्रबंध न मागणारी ही डॉक्टरेट मुळात हवी कुणाला होती?

माग काढत गेलं की अमेरिकन फिजिकल थेरपिस्ट हेलन हिस्लॉप यांचं १९७५चं व्याख्यान लागतं, ‘द नॉट-सो-इम्पॉसिबल ड्रीम’. मेरी मॅकमिलन यांच्या नावाची ही व्याख्यानमाला. मॅकमिलन पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना पुन्हा उभं करणाऱ्या ‘रीकन्स्ट्रक्शन एड’ बायकांपैकी एक. या बायकांना लष्करात हुद्दा नव्हता. १९२१मध्ये त्यांनी संघटना बांधली आणि मॅकमिलन तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. पण १९३६पासून त्यांच्या शाळांना मान्यता देऊ लागली ती अमेरिकन मेडिकल असोसिएशन, म्हणजे डॉक्टरांची संस्था. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर चालणारा हा पेशा स्वतःची ओळख हरवून बसलाय, असं हिस्लॉप यांनी आपल्याच माणसांना सुनावलं. बिघडलेल्या हालचालीचं शास्त्र हा आपला पाया माना, असा त्यांचा आग्रह होता. मला हे व्याख्यान धाडसाचं वाटतं. त्यात सवलतीची मागणी नाही, ज्ञानाची जबाबदारी घ्यायची तयारी आहे.

या पेशात शिरण्यासाठीची पहिली डीपीटी सुरू झाली ती १९९३मध्ये, नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात, क्रेटन या जेझुइट विद्यापीठात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट थेरपिस्टकडे जायची मुभा अमेरिकेत सर्वांत आधी, १९५७मध्ये, याच नेब्रास्कात मिळाली होती. हा धागा मला फार मोलाचा वाटतो. कंबर धरून आलेल्या माणसाला आधी कुणी तपासलेलंच नसेल, तर ते दुखणं स्नायूचं की मणक्यात पसरलेल्या कर्करोगाचं, ही शंका थेरपिस्टलाच यायला हवी. औषधशास्त्र, इमेजिंग, सारखी लक्षणं असलेले रोग वेगळे ओळखणं हे विषय डीपीटीत आले ते यासाठी.

पुढचं झरझर घडलं. २०२०पर्यंत हा पेशा डॉक्टरेटच्या पातळीवर न्यायचं ‘व्हिजन २०२०’ संघटनेने २०००मध्ये स्वीकारलं. २०१६पासून अमेरिकेत शिकून या पेशात शिरायला डीपीटीच लागते. वाद मात्र मिटले नाहीत. पगार त्या प्रमाणात वाढले नाहीत, ही तक्रार मला रास्त वाटते. पदवीचा खर्च विद्यार्थ्याने सोसायचा आणि मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याने उपचाराच्या आराखड्यावर डॉक्टरची संमती मागायची, हा उघड अन्याय आहे.

आपल्याकडे हे शिक्षण पोलिओच्या साथीमुळे आलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईत केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली. मुंबई-पुण्याहून बीपीटी ही फिजिओथेरपीची पदवी घेऊन अमेरिकेत जाणाऱ्यांचं शिक्षण आज तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतात, आणि कमी पडलेले विषय त्यांना भरून काढावे लागतात.

सप्टेंबर २०२५मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टनी नावामागे ‘डॉ.’ लावू नये, असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. बातम्या झाल्या त्या उपाधीच्या. पत्रातलं कारण मात्र ओमाहाचंच होतं: यांना रोगनिदानाचं शिक्षण नाही, तेव्हा यांनी डॉक्टरने पाठवलेलेच रुग्ण बघावेत. पत्र गेलं, तरी आपल्या बीपीटीच्या वर्गात निदान किती आणि कसं शिकवायचं, हे ठरवायचं काम उरलंच आहे.